देवाचा आवाज की आपल्याच मनाचा?

सोलापूरकर: जय ख्रिस्त. पुण्यात नोकरी चालून आली आहे, घरचे म्हणतात सोलापूर सोडू नको. प्रार्थना करतोय, पण मनात येतं ते प्रभूकडून की आपलीच इच्छा, कसं ओळखायचं?

सात रस्ता: आधी पवित्र शास्त्राशी ताडा. खोटं बोलायला किंवा आईवडिलांना वाऱ्यावर सोडायला लावणारा विचार तिथेच बाद. मात्र एक वचन उचलू नका, अख्खा अध्याय वाचा. यिर्मया 29:11 (देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, हे वचन) सगळेच नोकरीला लावतात. ते बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे, आणि आदल्याच वचनात सुटकेसाठी 70 वर्षांची मुदत आहे! मग याकोब 3:17 लावून बघा. वरून येणारं ज्ञान शांतिप्रिय असतं. "आत्ताच ठरव" अशी घाई होत असेल तर बहुधा भीतीच बोलतेय.

होटगी रोड: वही ठेवा. तारीख, वाचलेला भाग, मनात आलेलं एक वाक्य, बस. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा वाचा; नुसती हौस असेल तर तोवर ओसरते. लहानग्या शमुवेललाही देवाची हाक तीनदा एली याजकाचीच वाटली होती (1 शमुवेल 3), आणि ती देवाची आहे हे ओळखायला एलीच लागला. तेव्हा पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारा, शिवाय मंडळीतल्या अशा वडीलधाऱ्याला, ज्याचा तुमच्या जाण्या-राहण्यात काही फायदा नाही.

सोलापूरकर: गिदोनाने देवाकडे लोकरीवर दव पडण्याची खूण मागितली, तशी मागू का?

सात रस्ता: त्याला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं (शास्ते 6:14), लोकर फक्त खात्रीसाठी. "उद्या फोन आला तर जाईन" ही लॉटरी झाली. त्यापेक्षा पुण्याचं भाडं वजा जाता पगारातून काय उरतं ते मांडा. लूक 14:28 मध्येही बुरुजाचा खर्च आधी बसून काढायला सांगितलाय.