ह्युमिकची बाटली सोडून सेंद्रिय कर्ब वाढत नाही

तापीकाठ (रावेर)
काल इथं एका भावाने टाकलं की ड्रिपमधून एकरी दोन लिटर ह्युमिक (बाटलीत मिळणारं काळं ह्युमिक ॲसिड) सोडा, एका हंगामात मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन, ०.३ टक्क्यांचा ०.८ होतो. खाली रांगेने "नंबर पाठवा", म्हणून लिहायला बसलो. एक एकर, वरची अर्धा फूट माती, वजन साधारण ९ लाख किलो. कर्ब ०.५ टक्क्याने वाढवायचा म्हणजे साडेचार हजार किलो कार्बन मातीत टिकला पाहिजे, नुसता टाकून भागत नाही, कारण आपल्याकडच्या उन्हात शेणखतातला बराचसा कार्बन जिवाणू खाऊन हवेत सोडून देतात. १२ टक्क्यांच्या दोन लिटरमध्ये ह्युमिक किती? पाव किलो. मग त्या भावाच्या माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये ०.८ आलाच कसा? नमुना ड्रिपरखालचा घेतला असणार, जिथं शेणखत टाकलंय तिथला.

केळीबाग यावल
हिशोब तुमच्यापाशी ठेवा दादा. माझी चुनखडीची जमीन, पीएच साडेआठ, नवीन पान पिवळं निघायचं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. ह्युमिक सुरू केल्यावर पान सुधारलं, आळं उकरलं तर पांढऱ्या मुळ्यांचं जाळं. आकड्यांनी घड भरत नाही भो.

तापीकाठ (रावेर)
मुळ्या फुटतात हे मी कुठं नाकारलं? मुळी फुटणं वेगळं, कर्ब वाढणं वेगळं. कर्बाच्या नावावर विकू नका एवढंच म्हणणं आहे.

माती परीक्षण धुळे
मुळात मातीत ह्युमिक असतं का यावरच भांडण आहे. १७८६ मध्ये आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पीटमधून (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या थरातून) अल्कलीने काळा अर्क काढला, तेव्हापासून अल्कलीत विरघळेल ते ह्युमिक असं चाललंय. २०१५ ला लेहमान आणि क्लेबर या माती शास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं की मातीत असे मोठाले रेणू तयार होतात याला पुरावा नाही, असतात ते मुळ्यांचे, पाल्याचे, मेलेल्या जिवाणूंचे कुजत जाणारे तुकडे, चिकणमातीच्या कणांना धरून बसलेले. दुसऱ्या बाजूच्या शास्त्रज्ञांना ते मान्य नाही. बाटलीतला माल तर बहुतेक लिओनार्डाइट नाहीतर लिग्नाइटचा, म्हणजे खाणीतल्या कोळशाच्या जातीचा.

कापूस चोपडा
नेचर राहू द्या, फेब्रुवारीत संध्याकाळी रस्त्याने जा, दोन्ही बाजूला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटलेल्या. आणि हेच लोक कर्बाची बाटली घेतात!

शिरपूरकर
बोंडअळी तुमच्या शेतात येत नाही वाटतं? २०१७ ला माझा अख्खा कापूस गेला, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली सरकी. वाळलेल्या बोंडात अळी पडून राहते, पऱ्हाटी शेतात ठेवू नका असं सगळेच सांगतात. जाळू नको तर काय घरात ठेवू?

कापूस चोपडा
अहो फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस, मार्चपर्यंत कोण ठेवतं? पाणी दिसलं की आणखी एक वेचणी, अळीला आपणच पोसतो. डिसेंबरात कापूस संपवा, श्रेडर (पऱ्हाटी चुरणारं यंत्र) फिरवा, बोंडासकट चुरा होतो. जाळून अळी मरते तसा कार्बन आणि नत्रही धुरात जातो, राखेत पालाशसारखे क्षार तेवढे उरतात.

शिरपूरकर
श्रेडर कुणाचा? गावात एक, नंबर लागेपर्यंत पाऊस पडतो. आणि तो चुरा गाडला की पुढच्या पिकाला पिवळेपणा येतो, मी भोगलंय.

माती परीक्षण धुळे
हे खरं आहे. लाकूड कुजताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात. गाडताना थोडा युरिया किंवा शेण द्या आणि पेरणीआधी दोन-तीन महिने मिळू द्या.

केळीबाग यावल
शेण आणायचं कुठून? गोठ्यात एक म्हैस उरली, ट्रॉलीचे भाव विचारून पाहा. म्हणून माणूस बाटलीकडे जातो, तो काय वेडा नाही.

तापीकाठ (रावेर)
मग कापणीनंतर केळीचे खांब नाल्यात का फेकता? तिथंच तुकडे करून दोन ओळींच्या मधे टाका, खर्च मजुरीचा.

केळीबाग यावल
मजूर मिळवून द्या, टाकतो.

शिरपूरकर
माझंही तेच. यंदा डिसेंबरात श्रेडर मिळाला तर पऱ्हाटी जाळत नाही, जा. पण पुढच्या वर्षी अळी निघाली तर चोपडावाल्यांना बांधावर उभं करणार.