केबिनच्या टपावर हजार लिटरची टाकी? आधी वजन मोजा

खारावारा
‘घरावरची काळी हजार लिटरची टाकी आणा, ट्रॉलरच्या केबिनच्या टपावर बांधा, पाणी आपसूक खाली येतं, पंप नको की वेल्डर नको’ असा सल्ला परवा कुणीतरी दिला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. म्हणून हा धागा.

हजार लिटर म्हणजे एक टन. साठ टनी बोटीवर हा टन गुरुत्वमध्यापासून तीन मीटर वर चढवला की अख्ख्या बोटीचा गुरुत्वमध्य पाचेक सेंटीमीटर वर सरकतो. वर गॅलोज (जाळं ओढायची लोखंडी कमान), विंच, ओली जाळी आहेच. बोट तीस अंश कलली की हीच टाकी अर्ध्या टनाच्या जोराने बाजूला ओढते, आणि तिला धरलेलं असतं नायलॉनच्या दोरीने. ही दोरी भिजली की सैल पडते.

आणि हजार कशाला? आठ माणसं, दहा दिवस, पिण्या-रांधण्याला माणशी सहा लिटर, झाले 480. पाव भाग राखीव धरा, 600. भांडी खाऱ्या पाण्यावर निघतात. तीनशेच्या दोन टाक्या डेकखाली, किलच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) दोन बाजूंना. एकीतलं पाणी नासलं तर दुसरी शाबूत.

सुकाणू
डेकखाली जागा कुठली? मागे इंजिन, बाजूला डिझेल, उरलेला सगळा खण बर्फ आणि मासळीला. खणातला हात-दीड हात पाण्याला दिला तर शेट विचारणार, मासळी कुठे ठेवू, तुझ्या टाकीत? शिवाय डेकखालच्या टाकीत कुणी हात घालत नाही. चार हंगामांचा गाळ तळाला आणि वरून चहा. टपावरच्या टाकीचं झाकण निदान उघडतं तरी.

नांगर
दोघेही मुद्दा सोडून बोलताय. खरा धोका अर्धवट भरलेल्या टाकीत हलणाऱ्या पाण्याचा. टपावरची अर्धी टाकी बोट उलटवेल.

डोलकाठी
नांगरशेट, जरा आकडे मांडा. हलत्या पाण्याचा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाने वाढतो. मीटरभर व्यासाच्या गोल टाकीत तो साठ टनी बोटीवर, गुरुत्वमध्य वर सरकल्याच्या मापात, मिलिमीटरभरसुद्धा भरत नाही. तिथे भीती उंचीची आहे. उलट डेकखाली ‘जागा वाचते’ म्हणून या कडेपासून त्या कडेपर्यंत तीन मीटर रुंद, साठ सेंटीमीटर लांबीची एकच टाकी करतात ना, ती दोन सेंटीमीटरच्या वर खाते. मधोमध उभी बंद भिंत घातली की परिणाम चौथाईवर येतो. भोकं असलेल्या आडपडद्यांनी तेवढा येत नाही. ते फक्त आपटणं कमी करतात.

नांगर
बरं, पुस्तक पाठ आहे तुमचं. मान्य. पण टाकी टपावर नको, हे माझं म्हणणं तसंच आहे.

रेझीन
जागेचा प्रश्न असेल तर फायबरची टाकी बोटीच्या आकाराला बेतून बसते. पण ती वेगळी साच्यात करून बसवायची. बोटीचीच कातडी टाकीची भिंत म्हणून वापरू नका, आणि डिझेल टाकीसोबत सामायिक भिंत तर अजिबात नको. सूक्ष्म चीर गेली की पहिल्यांदा चहाला वास येतो.

आतल्या बाजूला आयसोफ्थॅलिक रेझीन, साधं जनरल पर्पज नाही. तयार झाल्यावर 60-70 अंशांचं गरम पाणी भरून काही तास ठेवा, फेका, पुन्हा भरा. हे टाळतात म्हणून स्टायरीनची (रेझीनमधल्या रसायनाची) चव महिनोन्महिने जात नाही आणि मग दोष फायबरला. झाकण निदान 40 सेंटीमीटरचं, खांदा आत गेला पाहिजे. सुकाणूंचा गाळ तेव्हाच निघेल.

सुकाणू
एवढ्या भानगडीपेक्षा स्टीलची टाकी. 304 प्रतीचं स्टेनलेस, लोहचुंबक लावून घ्यायची, चिकटला नाही की माल खरा. संपलं.

डोलकाठी
संपलं नाही, इथूनच फसवणूक सुरू होते! लोहचुंबक 202 लाही चिकटत नाही. बाजारात 304 म्हणून 202 सर्रास खपतं. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, खाऱ्या हवेत ते लवकर ठिपके धरतं. 304 आणि 316 मधला फरक तर लोहचुंबकाला कळणारच नाही, कारण तो मॉलिब्डेनमचा. मॉलिब्डेनम तपासायची बाटली मिळते, थेंब टाकून बॅटरीचा प्रवाह द्यायचा, रंग बदलतो. नाहीतर बिल आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या ओतकामाच्या घाणीचा क्रमांक) पत्र्याशी जुळवा.

सुकाणू
जेटीवरच्या वेल्डरकडे हीट नंबर मागायचा? कधी बोटीवर पाऊल ठेवलंय का तुम्ही?

डोलकाठी
पाऊल ठेवण्याचा आणि मॉलिब्डेनमचा संबंध सांगा, मग बोलू. 304 टाकी सडते ती आतून नाही, बाहेरून पट्ट्याखाली. पट्टा आणि पत्रा यांच्यात मीठ अडकतं, हवा जात नाही, तिथे खड्डे पडतात. दुसरी जागा वेल्डिंगलगतची निळी-काळी पट्टी. ती पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढायलाच हवी. आणि लोखंडावर चाललेली ग्राइंडरची चकती स्टीलवर चालवलीत तर 316 सुद्धा गंजलेलं दिसणार. मग लोक म्हणतात, ‘स्टीलही गंजतं, प्लॅस्टिकच बरं.’

नांगर
धागा पाण्याच्या टाकीचा होता, आता धातुशास्त्राची शिकवणी सुरू आहे. भंगारातले निळे ड्रम वापरणाऱ्यांना कोण बोलणार? आधी त्यात काय होतं ते विक्रेत्यालाही ठाऊक नसतं. कीटकनाशक प्लॅस्टिकात मुरतं, धुऊन जात नाही. त्यात ड्रममधून उजेड आत जातो, शेवाळ धरतं.

खारावारा
ड्रमबद्दल नांगरशी शंभर टक्के सहमत, हे लिहिताना त्रास होतोय.

प्लॅस्टिकच घेणार असाल तर घ्या, 500 लिटरची रिकामी पंधरा-अठरा किलोंत उचलली जाते, स्टीलची दोन मिलिमीटर पत्र्याची सत्तरच्या आसपास. पण बूड पूर्ण टेकलं पाहिजे. फळ्यांच्या फटींवर ठेवली की बूड लोंबतं आणि नळाच्या तोंडाशी चीर जाते. खाली 18 मिलिमीटर मरीन प्लाय, चारी बाजूंना ठोकळे, वरून पट्टे. भरली की टाकी फुगते, म्हणून तोंडाला थेट पीव्हीसी न जोडता वीतभर रबरी होज. हवेची नळी गुडघ्याच्या वर, तोंड खाली वळवलेलं, जाळी लावून. ती बुजली की पंप टाकीच आत ओढून चेपवतो.

सुकाणू
पंपच नको म्हणत होतो ना मी!

खारावारा
हातपंप बसवा. बॅटरी लागत नाही, आणि नळ उघडा राहून टाकी रिकामी होत नाही.

रेझीन
टाकी कसलीही घ्या, जेटीवरच्या पाइपचं पाणी तसंच भरू नका. तो पाइप मासळीच्या चिखलात लोळत असतो. हंगामाआधी टाकी घासा, मग 500 लिटरला 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 75 ग्रॅम. ती बादलीत कालवून चुना बसू द्या, वरचं नितळ पाणीच टाका. चार तास ठेवा, नळातूनही थोडं सोडा, मग सगळं काढून धुवा. पुढे प्रत्येक भरणीला 500 लिटरला तीन ग्रॅम पुरे. स्टील असेल तर तीव्र पाणी रात्रभर ठेवू नका, खड्डे पडतील.

सुकाणू
ठीक. टपावर हजार नको, एवढं लिहून देतो. पण तीनशेची एक टाकी केबिनच्या मागे डेकवर राहील, ठोकळ्यांत. बाकीची खाली कुठे मावते ते शेटलाच विचारा, मी विचारणार नाही.

डोलकाठी
डेकवरची काळी घ्या किंवा आत काळा थर असलेली. आणि पट्ट्याखाली रबर.