मदत हवी आहे: बारावीचं इंटिग्रेशन (कळवा-ठाणे)

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याला राहतो, लेक बारावी सायन्सला आहे. गणितातलं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) ती झोपेतही काढेल, पण इंटिग्रेशन (त्याची उलट क्रिया, जिने आलेखाखालचं क्षेत्रफळही मिळतं) आलं की पेन थांबतं.

काल आलेखाच्या कागदावर वाय = २ एक्स ही रेषा काढून दिली. ० ते ३ पर्यंतचा त्रिकोण: पाया ३, उंची ६, क्षेत्रफळ ९. मग २ एक्सचं इंटिग्रेशन एक्स वर्ग, त्यात ३ घातले, तरी ९च! तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. उत्तराच्या शेवटी ‘+ सी’ (कुठलीही स्थिर संख्या) का लिहितात, तेही पटलं. एक्स वर्ग + ५ काय नि + ९ काय, डेरिव्हेटिव्ह २ एक्सच.

अडतंय ते पद्धत निवडताना. २ एक्स गुणिले कॉस (एक्स वर्ग) असेल तर आतल्याचं डेरिव्हेटिव्ह बाहेर तयार असतं, म्हणून सब्स्टिट्यूशन (आतल्या भागाला नवं अक्षर देऊन सोडवणं). नुसतं एक्स कॉस एक्स असेल तर बाय पार्ट्स (गुणाकाराचे दोन भाग वेगळे धरून सोडवणं). तिला दोन्ही सारखीच दिसतात, आणि क्लासमध्ये ‘पाठ करा’ एवढंच सांगतात. याचं फार वाईट वाटतं.

ही नजर कशी बसते? कोणती गणितं आधी घ्यावीत? कळवा-ठाण्यात रविवारी समजावून शिकवणारं कोणी असेल तर कृपया कळवा, फी अर्थातच देऊ.