मदत हवी आहे : श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरची देखरेख

चाकणजवळ ट्रॅक्टरखाली छाती दबल्याने माझ्या धाकट्या भावाची उजवी मुख्य श्वासवाहिनी, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात त्या जागेपासून जेमतेम २ सेंटिमीटरवर फाटली होती; छातीत साठलेली हवा काढण्यासाठी नळी घालूनही तिला जोडलेल्या बाटलीतले हवेचे बुडबुडे थांबेनात, तेव्हा दुर्बिणीतून निदान झाले. मुका मार लागून होणाऱ्या अशा बहुतेक जखमा याच भागात असतात. उजवीकडून छाती उघडून विरघळणाऱ्या धाग्याने टाके घातले आणि शिवणीवर बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी रक्तपुरवठ्यासह वळवून बसवली.

आता जिना चढताना त्याच्या श्वासात शिट्टीसारखा आवाज येतो. टाक्यांच्या जागी वाहिनी आकसत असेल, या काळजीने घरात कोणालाच स्वस्थता नाही. पुढील तपासणीची तारीख लांबची आहे आणि तोवर थांबणे मला पटत नाही. पुण्यात छातीचे शल्यविशारद व दुर्बिणीची तपासणी एकाच ठिकाणी कोठे मिळेल, हे कृपया स्वानुभवाने सांगावे.