मदत हवी आहे: निवेदक यंत्र, त्याला खाजन दिसणार कसं?

विज्ञानकथा लिहितेय. गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खाजनात (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन) मानशीपाशी (बांधातली, भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी-सोडणारी झडप) बसवलेलं पाणी मोजणारं यंत्र 'मी' म्हणून बोलतं. त्याला पातळी, तापमान, खारटपणा कळतो, डोळे-नाक नाही. पण भरतीच्या दाबाने मानशीची लाकडी दारं आपसूक मिटतात, ओहोटीला खारफुटीची चिखलातून वर आलेली श्वासमुळं उघडी पडतात, हे वाचकाला दिसायला हवं.

'पातळी ४० सेंटिमीटर वाढली' असं लिहिलं की सरकारी अहवाल होतो. तृतीयपुरुषी करून पाहिलं, वर्णन खुललं, पण यंत्राचा एकटेपणा गेला (कथा त्याचीच!). कॅमेरा द्यायचा नाही. माणूस शेवटच्या पानावरच येतो, त्यामुळे दुसरा निवेदकही नको.

प्रथमपुरुषी ठेवून, यंत्राच्या तोंडी कवीची भाषा न घालता, निव्वळ मोजमापांतून ते खाजन कसं उभं करता येईल?