कालयंत्र असूनही ‘लव्ह स्टोरी २०५०’ मनाला का भिडत नाही?

सातरस्ता (मूळ प्रश्न)

हॅरी बावेजा यांचा ‘लव्ह स्टोरी २०५०’ ४ जुलै २००८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघे सोलापुरात तो पाहायला गेलो होतो. विज्ञानकथेची मला लहानपणापासून ओढ आहे, त्यामुळे हिंदीत कालयंत्र आणि प्रेमकथा एकत्र येणार म्हणून मी फार आशेने गेलो आणि तितकाच खट्टू होऊन परतलो. गेल्या रविवारी नववीतल्या मुलीबरोबर तो पुन्हा पाहिला, आणि ती निराशा जशीच्या तशी परत आली.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. करण आणि सना ऑस्ट्रेलियात एकमेकांच्या प्रेमात पडतात, सना अपघातात जाते, आणि बोमन इराणी यांनी साकारलेल्या शास्त्रज्ञाच्या यंत्रातून करण २०५० सालच्या मुंबईत पोहोचतो. तिथे सनाच झीशा नावाची गायिका म्हणून पुन्हा जन्माला आलेली असते. दोन्ही भूमिका प्रियांका चोप्रा यांच्याच आहेत.

मुलीने विचारले, “बाबा, यंत्र हाताशी आहे तर तो अपघाताच्या आदल्या दिवशी का जात नाही?” मला पटेल असे उत्तर चित्रपटात सापडले नाही. पुष्कळ जण लांबीला आणि नवख्या नायकाला दोष देतात, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. दोष विज्ञानात आहे की प्रेमकथेत, हे जाणकारांनी सांगावे.

प्रकाशवर्ष

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून विज्ञानाच्या बाजूने लिहितो. आपल्या मुलीचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या विशेष सापेक्षता सिद्धांतानुसार भविष्याकडे झेप घेणे तत्त्वतः शक्य आहे, कारण वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मागे राहणाऱ्याच्या घड्याळापेक्षा सावकाश चालते. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली आणि सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागणारा फरक प्रत्यक्ष नोंदवला. २००८ पासून २०५० पर्यंतची ४२ वर्षे एका वर्षात ओलांडायची असतील, तर प्रकाशाच्या सुमारे ९९.९७ टक्के वेग लागेल. भूतकाळात जाण्याला मात्र असा कोणताही सिद्ध आधार नाही, आणि तिथे कार्यकारणाचा गुंताही होतो, कारण अपघात टाळला तर यंत्रात बसण्याचे कारणच उरत नाही.

म्हणजे करणला पुढे पाठवण्याची चित्रपटाची दिशा मुळात चुकीची नव्हती. पण या मार्गाने पुढे गेलेल्या माणसाला मागे येता येत नाही, त्याचे आईवडील, मित्र आणि गाव कायमचे सुटते. एका शक्यतेसाठी आपला सगळा काळ सोडून द्यायचा का, यापेक्षा मोठा प्रश्न प्रेमकथेला कोणता हवा होता? ही किंमत त्या कथेत कुठेच जाणवत नाही, याचे मला सर्वांत वाईट वाटते.

धोटा

वरील उत्तर पटले, पण मला दुसरीकडे लक्ष वेधायचे आहे. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागातले, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचे. आजोबा हातमागावर बसत, वडिलांनी यंत्रमाग चालवले, आणि आता भावाच्या कारखान्यात धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी नळी) नसलेले माग आले आहेत. सोलापुरी चादरीची नक्षी मागावरच्या ज्या जकार्ड नावाच्या यंत्रणेने उठते, त्याची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी पाहूनच चार्ल्स बॅबेज यांना त्यांच्या गणनयंत्राची आज्ञावली सुचली, त्यामुळे यंत्राला सूचना देणे ही गोष्ट आमच्या घराला परकी नाही. यंत्र बदलले की घर कसे बदलते, हे मी पाहिले आहे. हातमागाच्या काळात आजी कांड्या (सुताच्या छोट्या नळ्या) भरत आजोबांच्या शेजारी बसलेली असे आणि दिवसभर दोघांचे बोलणे चाले. यंत्रमाग आले, वडिलांना रात्रपाळी लागली, आणि मागांच्या खडखडाटात आई-वडील खुणांनी बोलू लागले. २०५० च्या त्या मुंबईत उडत्या गाड्या आहेत, यंत्रमानव आहेत, पण त्यांच्यामुळे दोन माणसांच्या जवळ येण्यात काय बदलले, हे चित्रपट विचारतच नाही.

सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘आदित्य ३६९’ हा १९९१ सालचा तेलुगू चित्रपट आमच्या गल्लीत कॅसेट आणून कितीदा पाहिला असेल, याची गणती नाही. त्यातले यंत्र आधी कृष्णदेवरायांच्या काळात जाते आणि मग २५०४ सालात, जिथे महायुद्धानंतर माणसे जमिनीखाली राहतात. तंत्र साधेच आहे, तरी प्रत्येक काळाचे स्वतःचे भय आणि स्वतःचे वैभव त्यात आहे. २०५० च्या मुंबईत मला केवळ रंगवलेला पडदा दिसला.

जुनीगिरणी

मी थोडे वेगळे मत नोंदवतो. त्या काळात हिंदी निर्मात्याने भविष्यातले संपूर्ण शहर उभे करण्याचे धाडस केले, याचा मान राखला पाहिजे. माझ्या मते घोटाळा पुनर्जन्माने झाला. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (१९५८) पुनर्जन्म शोभतो, कारण तिथे नियतीच सर्व काही घडवते. इथे नियतीही आहे आणि यंत्रही, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे बळ हिरावून घेतले आहे.

सातरस्ता यांच्या घरून

मूळ प्रश्न माझ्या यजमानांचा आहे; त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. आपण सर्वांनी यंत्राबद्दल, शहराबद्दल आणि करणबद्दल लिहिले, झीशाबद्दल कोणीच लिहिले नाही. तिला स्वतःचे नाव आहे, कीर्ती आहे, स्वतःचे आयुष्य आहे, आणि एक अनोळखी माणूस येऊन सांगतो की तू मुळात दुसरीच कोणी आहेस. “मी ती नाही” असे ठामपणे म्हणण्याची आणि त्यानंतर स्वतःच्या इच्छेने त्याला निवडण्याची पुरेशी मुभा तिला मिळाली असती, तर मी ती प्रेमकथा मानली असती. करणचे प्रेम सनावर आहे; झीशा त्याला कशी वाटते, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. २००८ साली घरी परतताना मी हे यांच्याजवळ बोलले नव्हते, कारण तिकिटे यांनी फार हौसेने काढली होती.