बारावीनंतर इंजिनिअरिंग: कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत नेमकं काय करू?

मांजराकाठची

नमस्कार. मी कळंब तालुक्यातली, जिल्हा धाराशिव. यंदा बारावी सायन्स झालं, पीसीएम ग्रुप. सीईटी दिली आहे, पेपर बरा गेला. पुण्यात किंवा संभाजीनगरला कॉम्प्युटर नाहीतर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळावं अशी इच्छा आहे. ओबीसीतून फॉर्म भरणार आहे. घरात इंजिनिअरिंगला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

एका क्लासवाल्यांनी बाबांना सांगितलं की सुट्टीत कोडिंग शिकली नाही तर पहिल्याच वर्षी मागे पडेल. फी पंचवीस हजार. आमची अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि थोडी तूर. बाबा उसनवार करून भरायला तयार आहेत, वर लॅपटॉपही घेऊ म्हणतात. मला ते पैसे घालवायची भीती वाटते, आणि मागे पडायचीही वाटते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. इंग्रजी वाचलेलं कळतं, पण बोलायला तोंड उघडत नाही. आईला रॅगिंगची काळजी आहे.

हातात हे दोन महिने आहेत. काय करू?

दाखलेवाला

ताई, आधी कागदं. बाकीचं नंतर. मी तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. दरवर्षी जुलैत पोरं आणि आईबाप रडकुंडीला आलेले बघतो, म्हणून कळकळीनं सांगतोय.

जातीचा दाखला आहे म्हणजे झालं असं समजू नका. जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी वेगळी असते, ती जिल्ह्याच्या समितीकडून मिळते. अर्ज केला असेल तर तो कुठं अडकलाय ते उद्याच बघा. नॉन-क्रिमिलेअर प्रांत ऑफिसमधून निघतं आणि त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधी काढा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, ते तारखेसकट वाचा. जुनं असेल तर चालत नाही. अधिवासाचा दाखला नसेल तर तोही आत्ताच.

नावं तपासा. दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर तुमचं आणि वडिलांचं नाव एकसारखं पाहिजे. एका अक्षराचा फरक असला तरी स्क्रूटिनीत म्हणजे कागदपत्रांच्या छाननीत अर्ज परत येतो.

बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलंय का विचारा. महाडीबीटीचे म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधार जोडलेल्या खात्यावरच येतात. कॉलेज टीसी मूळ प्रत ठेवून घेतं, म्हणून आधीच चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा.

आणि वडिलांना हे दाखवा: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. राहण्या-खाण्याचा खर्च यात येत नाही, तो घरूनच करावा लागेल.

ड्रॉइंग हॉल

मी पुण्यात पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स म्हणजे वस्तूंचं तांत्रिक ड्रॉइंग शिकवते, आमच्याकडे गरज पडेल तेव्हा एम-वनचे म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचे ट्युटोरियलही घेते. खूप वर्षं हेच करते आहे. तुझ्या प्रश्नावर मोठं लिहिणार आहे, कारण तुझ्यासारख्या मुली मला दरवर्षी भेटतात आणि त्या फार आवडतात.

पंचवीस हजार देऊ नकोस. बाबांना उसनवार करू देऊ नकोस. सी लँग्वेज पहिल्या वर्षी अगदी ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ इथून शिकवतात आणि लॅब कॉलेजात असते. कोडिंग न येता आलेल्या मुली माझ्यासमोर उत्तम प्रोग्रॅमर झाल्या आहेत. ज्या अडकतात, त्या एम-वनमध्ये आणि ग्राफिक्समध्ये अडकतात.

गणिताचं कारण ऐक. गेलं वर्षभर तू सीईटीचं गणित केलंस. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, चार पर्याय, चुकीला मार्क कापत नाहीत. त्यात उत्तर ओळखायची सवय लागते. बोर्डाला पायऱ्या लिहिल्यास, पण त्याही बऱ्याचशा पाठ. इथे इनसेमला आणि एंडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या आणि शेवटच्या परीक्षेला, कोरा कागद असतो, पायऱ्यांना मार्क असतात, आणि दुसऱ्याच आठवड्यात टेलर सिरीज किंवा पार्शल डिफरन्सिएशन येतं. ते अवघड नाही, पण बारावीचं डेरिव्हेटिव्ह हातात खेळत असायला लागतं. म्हणून रोज सकाळी तासभर बारावीचंच पुस्तक घे. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, अकरावीच्या त्रिकोणमितीची सूत्रं, डिटर्मिनंट. पर्याय झाकून, एकेक गणित शेवटच्या ओळीपर्यंत लिही. पुढच्या वर्षाचं पुस्तक आणून एम-वन सुरू करू नकोस. पाया पक्का असलेली मुलगी वर्गात आम्हाला लगेच ओळखू येते.

ग्राफिक्सची गोष्ट वेगळी. हे बारावीपर्यंत कुणी शिकवलेलंच नसतं, त्यामुळे शहरातली आणि गावातली मुलं एकाच ओळीत उभी असतात. घरी कपडे धुवायच्या साबणाची नवी वडी असेल ना? सुरीनं तिच्या उजव्या टोकाला एक पायरी काप, म्हणजे डावीकडचा भाग उंच आणि उजवीकडचा बुटका राहील. आता ती डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून बघ आणि दिसेल तेवढंच काढ: पायरीची आकृती. मग बरोबर वरून बघ: दोन चौकोन शेजारी, मध्ये एक रेघ. मग डावीकडून बघ. तिथून फक्त उंच बाजू दिसते, पायरी तिच्या मागे दडलेली. पण ती आहे, म्हणून तिची कड तुटक रेषेनं दाखवायची. समोरचं चित्र वर, वरून पाहिलेलं त्याच्या खाली, आणि डावीकडून पाहिलेलं उजव्या हाताला. आपल्याकडे ही फर्स्ट अँगल पद्धत वापरतात. डावीकडचं उजवीकडे का, हे आत्ता कळलं नाही तरी चालेल. साबणाला वेगवेगळे काप दे आणि काढत राहा. ज्या मुलीला ती तुटक रेषा डोळ्यासमोर दिसायला लागली, तिला पुढे माझी भीती वाटत नाही.

इंग्रजीचं. स्पोकन इंग्लिशचा क्लास नको. सोडवलेलं गणित धाकट्या भावंडाला किंवा मैत्रिणीला तोंडी समजावून सांग, आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत, मोडकंतोडकं चालेल. व्हायवाला म्हणजे तोंडी परीक्षेला आम्ही व्याकरण बघत नाही. ‘मॅडम, मराठीत सांगू का?’ असं विचारून बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला मी पूर्ण मार्क देते, आणि माझे बरेच सहकारीही देतात. तोंड मिटून बसलेल्या मुलीला मात्र मार्क द्यायला माझ्याकडे काही उरत नाही, याचं फार वाईट वाटतं. प्रत्येक वीसेक मुलांमागे एक जीएफएम म्हणजे पालक-शिक्षक असतात. पहिल्या आठवड्यात त्यांना जाऊन भेट, नाव सांग, कुठून आलीस ते सांग. पुढे घरची अडचण असो की अभ्यासाची, तो दरवाजा उघडा राहतो.

आईला सांग, महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. प्रवेश घेताना मुलांकडून आणि पालकांकडून हमीपत्र घेतात. यूजीसीची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते: १८००-१८०-५५२२. नंबर आईच्याच फोनमध्ये सेव्ह करून दे. तिला बरं वाटेल.

पीएमटीचा पास

मी वाशीमची, आता सेकंड इयर, ईअँडटीसी, पुण्यात. मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त राहण्याचं सांगते.

लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस. ब्रँच ठरू दे. माझं पहिलं वर्ष कॉलेजच्या लॅबवर आणि रूममेटच्या लॅपटॉपवर निघालं.

कॅप राउंडमध्ये कॉलेज लागलं की लगेच हॉस्टेलचा फॉर्म भर, कॉलेजचा आणि शासकीय मुलींच्या वसतिगृहाचा, दोन्हीकडे. बाहेर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन, राहायची वेळ आली तर डिपॉझिट परत कधी मिळणार ते लिहून घे. माझ्या आधीच्या मालकांनी तोंडी सांगितलं होतं आणि मग निम्मे पैसे कापले. मेसमध्ये आधी एक-दोन दिवस कूपनवर जेवून बघ, महिन्याचे पैसे नंतर भर.

जमलं तर ॲडमिशनच्या आधी आईबाबांसोबत एकदा येऊन जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. स्वारगेटला उतरून कॉलेजपर्यंत सिटी बसनं तूच पुढे होऊन ने त्यांना. माझ्या आईनं असं एकदा पाहिलं आणि नंतर रात्रीचे फोन कमी झाले.

आणि घरी असेपर्यंत भाजी, भात, कपडे, सगळं स्वतः करून बघ. आजारी पडल्यावर साधी पेज करता येणंही कामाला येतं.

मांजराकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हे वाचून दाखवलं. क्लासचं रद्द केलं. काका, व्हॅलिडिटीचा अर्ज कॉलेजमधून गेलाय, पण त्रुटी निघालीय, आजोबांचा शाळेचा पुरावा मागितलाय. उद्या बाबा आजोबांच्या गावच्या शाळेत जाणार आहेत.

मॅडम, साबण कापला. आईनं ओरडण्याआधी विचारलं काय करतेस म्हणून, मग तीच पायरी धरून बसली. एक शंका आहे. मी पायरी मध्ये कापली, दोन्ही बाजू उंच. डावीकडून बघताना तुटक रेषा एकच येईल ना?

ड्रॉइंग हॉल

एकच. खाच जिथपर्यंत खोल गेली त्या उंचीला, आडवी. आणि उजवीकडून बघितलंस तर? काढून मग सांग.

दाखलेवाला

ताई, शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी. नुसता बोनाफाईड आणू नका. जुनी शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. सकाळी लवकर जाऊ दे बाबांना.